धानाचं तणस, चिंचोके आणि ताराबाई मोडक

डिसेंबर लागला की आमच्या बालाघाटची सकाळ जरा उशिराच उजाडते. वैनगंगेवरचं धुकं लवकर हटत नाही. शेतातलं धान कापून झालेलं असतं, मळणी आटोपत आलेली असते आणि घराघरांच्या मागे तणसाचे ढीग उभे असतात. बाजारात सिंगाडे येतात, बोरं येतात. आणि आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांत गव्हाणीच्या देखाव्याची तयारी सुरू होते.

मागच्या वर्षी आगमनकाळात चर्चमधल्या अगदी लहान मुलांचा गट माझ्याकडे आला. तीन ते सहा वर्षांची मुलं, आठ दिवस, रोज दोन तास. सामानासाठी पैसे जवळपास नव्हतेच. मग जे हाताशी होतं तेच घेतलं: तणस, चिंचोके, सीताफळाच्या बिया, झेंडूची फुलं, तळ्याकाठची चिकणमाती आणि थोडं तांदळाचं पीठ. मुलांनी मातीच्या मेंढ्या केल्या, तणसाचं छप्पर केलं, बियांची नक्षी मांडली. मला वाटलं, छान चाललंय.

चौथ्या दिवशी एका मुलीची आई दाराशी येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग अगदी नम्रपणे तिने विचारलं की ताई, हे सगळं ठीक आहे, पण अभ्यास कधी घेणार? शेजारचा मुलगा शंभरापर्यंत आकडे लिहितो आणि आपली पोरगी अजून पेन्सिल धरत नाही, ही तिची काळजी होती. मी हसून काहीतरी बोलले आणि वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती बाई मजुरीच्या पैशातून मुलीची फी भरते. तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

सुट्टीनंतर कॉलेजच्या ग्रंथालयात त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला ताराबाई मोडक भेटल्या. नाव आधी ऐकलं होतं, सामान्यज्ञानाच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरतं. त्या ओळीच्या मागे केवढं आयुष्य होतं, ते मात्र तेव्हाच कळलं. मित्रमैत्रिणींनो, ते आयुष्य तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. ज्या काळात मुलीला चार अक्षरं शिकवली तरी लोक नाक मुरडायचे, त्या काळात या घरात मुलीने शिकणं ही सरळ गोष्ट होती. १९१४ मध्ये ताराबाई बी. ए. झाल्या. त्या वेळी पदवीधर मराठी स्त्रिया किती होत्या, तर हातावर मोजण्याइतक्या.

१९१५ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि त्या अमरावतीला आल्या. हे वाचताना मी जरा थांबले. कारण तेव्हा अमरावती आणि आपलं बालाघाट एकाच कारभाराखाली होतं, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. म्हणजे ताराबाई काही वर्षं आपल्याच प्रांतात राहिल्या म्हणायच्या. पती कृष्णराव मोडक वकील होते. पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघं कायमचे वेगळे झाले. पदरी लहान मुलगी होती. आजही घटस्फोटित बाईकडे लोक कसे बघतात ते आपण जाणतो. शंभर वर्षांपूर्वी काय असेल, याचा विचार करून बघा.

ताराबाई रडत बसल्या नाहीत, असं लिहिणं सोपं आहे. रडल्याही असतील. पण त्या थांबल्या नाहीत एवढं नक्की. त्याच सुमारास त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका घडवणारी ही संस्था, आणि त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. मानाची जागा, सुरक्षित नोकरी. एकट्या बाईला आणि तिच्या मुलीला याहून जास्त काय हवं?

पण राजकोटपासून फार लांब नसलेल्या भावनगरमध्ये वेगळंच काहीतरी चाललं होतं. गिजुभाई बधेका नावाच्या एका वकिलाने वकिली सोडून १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं होतं. छडी नाही, घोकंपट्टी नाही. मुलं चित्रं काढतात, गाणी म्हणतात, गोष्टी ऐकतात, नाटकं करतात आणि त्यातूनच शिकतात. यामागे मारिया मॉन्टेसोरी या इटालियन डॉक्टरबाईंची पद्धत होती. त्यांनी आपलं पहिलं बालगृह रोमच्या एका गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलं होतं. आपल्याकडे हा तीन राजांचा सण. तेही हिवाळ्याचेच दिवस.

मॉन्टेसोरीबाईंचं म्हणणं थोडक्यात असं होतं: लहान मूल हातांनी विचार करतं. त्याने ठोकळे रचले, दंडगोल योग्य भोकात बसवले, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं की त्याच्या मनात आकार, क्रम आणि संख्या तयार होतात. लिहिणं हा त्याचा शेवट आहे, सुरुवात नाही. गिजुभाईंनी याला आपल्या मातीतली गाणी, गोष्टी आणि खेळ जोडले.

१९२३ मध्ये ताराबाई प्राचार्यपद सोडून भावनगरला आल्या. तिशी ओलांडलेली बी. ए. झालेली बाई, कॉलेजची प्रमुख, आता तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसू लागली. लोकांच्या नजरेत ही पायरी खाली उतरणंच होतं. आजही लहान मुलांना शिकवणाऱ्या बाईला आपण बाईच म्हणतो, आणि प्राध्यापकांना सर. ताराबाईंना ती उतरंड मान्य नव्हती. सर्वांत लहान मुलाला सर्वांत जास्त शिकलेला शिक्षक मिळायला हवा, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यानेच दाखवून दिलं.

भावनगरला त्यांनी जवळजवळ नऊ वर्षं काढली. गुजराती आपलीशी केली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. शिक्षणपत्रिका हे मासिक आधी गुजरातीत निघत होतं, १९३३ पासून ते मराठीतही निघू लागलं आणि त्याचं संपादन ताराबाईंनी केलं. मुलाला मारू नका, त्याला हात घालू द्या, त्याला प्रश्न विचारू द्या, हे मराठी आईबापांपर्यंत पोहोचवण्याचं काम त्या मासिकाने वर्षानुवर्षं केलं.

१९३६ मध्ये मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केलं. ही संस्था नावारूपाला आली. शिक्षिका घडू लागल्या, आईवडील रांगा लावू लागले. चाळिशी उलटलेली, नाव झालेलं, काम मार्गी लागलेलं. आता निवांत बसायला हरकत नव्हती.

पण इथेच त्यांना एक गोष्ट खुपू लागली असावी. मॉन्टेसोरीची साधनं महाग होती. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मापात कापलेले दंडगोल, रंगांच्या पाट्या. ज्याच्याकडे पैसा त्याच्याच मुलाला हे शिक्षण. रोमच्या गरीब मुलांसाठी सुरू झालेली पद्धत आपल्याकडे येऊन शहरातल्या सुखवस्तू घरांची होऊन बसली होती. खेड्यातलं मूल तर सात-आठ वर्षांचं होईपर्यंत कुणाच्या खिजगणतीतच नव्हतं. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने हस्तकलेतून शिक्षण देण्याची बुनियादी शिक्षणाची योजना मांडली गेली, पण तीही सातव्या वर्षापासून सुरू होणारी. त्याआधीच्या वर्षांचं काय?

१९४५ च्या डिसेंबरात त्रेपन्न वर्षांच्या ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला आल्या. गुजरातच्या सीमेजवळचं समुद्रकाठचं हे गाव. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ, पस्तीस वर्षांच्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या, तरीही जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. या दोघींची जोडी पुढे अठ्ठावीस वर्षं टिकली, ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत.

बोर्डीत त्यांनी काय केलं, तर महागडी साधनं बाजूला ठेवली आणि आजूबाजूला बघितलं. समुद्रकाठी शंखशिंपले होते. ओढ्यात गोटे होते. झाडाखाली पानं, फुलं, बिया पडलेल्या होत्या. माती होती, वाळू होती. हीच त्यांची साधनं झाली.

आता हे वाचताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा लख्ख प्रकाश पडला, म्हणून जरा थांबून सांगते. मुलाने शिंपल्यांच्या ढिगातून मोठे एकीकडे आणि छोटे एकीकडे केले, तर ते वर्गीकरण झालं. गणिताची पहिली पायरी तीच. एक चिंचोका, एक पान, पुन्हा एक चिंचोका, एक पान अशी नक्षी मांडली, तर पुढे काय येणार हे त्याला ओळखावं लागतं. वाचनात आणि पाढ्यांत हीच नजर लागते. रांगोळीच्या प्रत्येक ठिपक्यावर एकच बी ठेवली, तर एका वस्तूला एक आकडा हे त्याला कळतं. शंभरापर्यंत पाठ म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना समोरचे सात गोटे धड मोजता येत नाहीत, कारण ही पायरीच राहून गेलेली असते. माती मळताना बोटांत जोर येतो. झेंडू ओवताना अंगठा आणि तर्जनी जुळतात, आणि पेन्सिल धरायला नेमकी तीच पकड लागते. ताटात पसरलेल्या पिठावर बोटाने उभी रेघ, आडवी रेघ, गोल काढला, तर अक्षराचे सगळे तुकडे हातात आले. क काढायला आणखी लागतं तरी काय?

म्हणजे त्या आईला जो अभ्यास हवा होता, तो तिच्या डोळ्यांसमोरच चालला होता. फक्त तो वहीत दिसत नव्हता. आणि मला तो ओळखता येत नव्हता, म्हणून सांगताही येत नव्हता.

पण ताराबाईंचं मोठेपण एवढ्यावर संपत नाही. बोर्डीला बालवाडी सुरू झाली तरी काही मुलं येईनात. दलित वस्तीतली मुलं तर येतच नव्हती. कारणं उघड होती: जातीची भिंत, गरिबी, घरची कामं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं की आम्ही दार उघडं ठेवलंय, यायचं त्यांनी यावं. ताराबाईंनी उलटं केलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे जाईल. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात शिक्षिका जाऊन बसू लागली. मुलांची तोंडं धुवायची, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी, गोष्टी, बियांचे आणि मातीचे खेळ. एकीकडे मध्यवर्ती बालवाडी आणि दुसरीकडे ही अंगणातली बालवाडी. तीच अंगणवाडी.

इथे मला एक गोष्ट लक्षात आली. बिया आणि शिंपले वापरणं ही ताराबाईंची नाइलाजाने केलेली तडजोड नव्हती. साधन फुकट असलं तरच शाळा कुठल्याही अंगणात जाऊ शकते. पेटीभर लाकडी ठोकळे घेऊन शंभर वस्त्यांत जाता येत नाही. झाडाखालची बी मात्र प्रत्येक वस्तीत आधीच पोहोचलेली असते. गरीब मुलाच्या वाट्याला दुय्यम शिक्षण येऊ नये म्हणून त्यांनी शिक्षणच त्याच्या हाताशी आणून ठेवलं.

१९५७ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्या आणखी आत गेल्या. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलखात. तिथे प्रश्न वेगळे होते. मुलं गुरं राखायला जात. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढत असे, मग ती शाळेत येणार कशी? याला उत्तर म्हणून विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. बहिणीने धाकट्याला पाळण्यात ठेवायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. गुरं राखणाऱ्यांसाठी शिक्षक कुरणावर जाऊ लागले, त्याला कुरणशाळा म्हणत. ज्यांना दिवसा जमत नव्हतं त्यांच्यासाठी रात्रीची शाळा.

आणि चित्रकलेचं म्हणाल, तर वारली मुलांना ती शिकवायची गरजच नव्हती. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रं त्यांच्या घरात होतीच. गोल, त्रिकोण, चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस तयार. ज्या मुलाच्या भिंतीवर भूमिती नाचते, त्याला अडाणी म्हणणारी शाळाच अडाणी नव्हे का? आपल्या बैहरच्या बाजूच्या गोंड आणि बैगा मुलांच्या बाबतीत आपण अजूनही हीच चूक करतो, असं मला वाटतं. त्यांच्या घरची चित्रं, बोली, गाणी शाळेच्या दाराबाहेर ठेवूनच त्यांना आत घेतो.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. त्यानंतरही त्या कोसबाडच्याच कामात राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, एक्याऐंशीव्या वर्षी, त्या गेल्या. योगायोग असा की ३१ ऑगस्ट हा मारिया मॉन्टेसोरींचा जन्मदिवस. अनुताईंनी काम पुढे चालू ठेवलं, त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्याही गेल्या.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. गावोगावी जी केंद्रं उघडली त्यांचं नाव अंगणवाडी. बोर्डीच्या त्या अंगणातला शब्द देशभर गेला. आज बालाघाटच्या कुठल्याही गावात जा, अंगणवाडी असतेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ हा पायाचा टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. कागदावर तर ताराबाई जिंकल्या.

कागदाबाहेर मात्र अजून लढाई चालू आहे. तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ देणाऱ्या शाळेत प्रवेशासाठी आपणच गर्दी करतो. अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटण्याची जागा एवढंच आपल्याला माहीत असतं. अंगणवाडीच्या ताईवर पोषणाची, लसीकरणाची, सर्वेक्षणाची इतकी कामं असतात की बियांची नक्षी मांडायला तिला वेळ मिळेलच असं नाही. आणि आपण साहित्याचे विद्यार्थी बालसाहित्यावर निबंध लिहितो, पण एखाद्या खऱ्या मुलासमोर जमिनीवर शेवटचं कधी बसलो होतो?

त्या मुलीची गोष्ट अर्धवट राहिली. गव्हाणी पूर्ण झाली त्या संध्याकाळी तिची आई पुन्हा आली. मुलीने तिचा हात धरून तिला देखाव्यासमोर नेलं आणि एकेका मेंढीवर बोट ठेवून मोजल्या. अकरा. मग जरा विचार करून तिने तणसाची एकेक काडी प्रत्येक मेंढीपुढे ठेवली, आणि दोन मेंढ्यांना काडी उरली नाही म्हणून अजून दोन हव्यात असं सांगितलं. ती बिनचूक वजाबाकी होती. पण तेव्हा ते मला कळलं नाही, त्यामुळे मी आईला काहीच बोलले नाही. आई हसली, मुलीला घेऊन गेली. तिची शंका फिटली की नाही, मला माहीत नाही.

यंदा आगमनकाळात तो गट मी पुन्हा मागून घेतला आहे. चिंचोके आईने डब्यात जमवून ठेवलेत. तणसाची तर इथे कमी नाहीच. या वेळी मुलांच्या आयांनाही पहिल्या दिवशी जमिनीवर बसवायचं ठरवलंय, मुलांच्या शेजारी, बियांच्या ताटासमोर. कुठल्या खेळातून काय शिकणं होतं, ते त्यांना नीट सांगायचंय. आपल्या मंडळातल्या कुणाला सुट्टीत यायचं असेल तर जरूर या. फक्त येताना पिशवीत घरच्या थोड्या बिया आणा.